अपत्यप्राप्ति आणि दिवसांचें गणित



हा विषय मला सुचविण्यांत आला तेव्हां मीं प्रथम नकार दिला होता. वैद्यकाशीं माझा संबंध आला तो रोग्याच्या नात्यानेंच. १९७५ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होऊन मी शिक्षकी पेशांत शिरलों आणि निवृत्त होईपर्यंत मुलांना अंकगणित व मराठी शिकवीत राहिलों. अशा मनुष्यानें, मूल व्हावें म्हणून पतिपत्नींनीं काय करावें, यावर भाषण द्यावें हें विचित्रच. परंतु गणिताच्या मास्तरानें या विषयांत तोंड घालण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हे. प्रा. र. धों. कर्वे हे गणिताचेच प्राध्यापक. त्यांनीं १९२७ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलें, त्यापायीं अश्लीलतेचे खटले सोसले, आणि १९३४ सालच्या खटल्यांत डॉ. आंबेडकरांनीं त्यांची वकिली केली. त्यांची विद्वत्ता मजजवळ नाहीं. पण विचार करतां असें दिसलें कीं, या प्रश्नाचा एक मोठा भाग केवळ अंकगणिताचा आहे, दुसरा भाषेचा आहे. आणि त्यांतील अंकगणिताचें उदाहरण मीं स्वतः कित्येक वर्षें चुकविलेलें आहे. तें कसें चुकलें हें सांगण्याचा अधिकार तरी मला निश्चित आहे.

आरंभ भाषेपासून करतों. मराठींत 'वांझ' हा शब्द स्त्रीला लागतो, गाईला लागतो, झाडाला लागतो. पुरुषाला तो लागत नाहीं. मूल नसलेल्या पुरुषाला आपण 'निपुत्रिक' म्हणतों. पण त्या शब्दांत कींव आहे, दोषारोप नाहीं. 'नपुंसक' हा शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ निराळा. जो पुरुष सर्व दृष्टींनीं समर्थ आहे त्याच्याहि वीर्यांत शुक्रजंतु अल्प असूं शकतात किंवा मुळींच नसूं शकतात. या अवस्थेला आपल्या बोलभाषेंत नांवच नाहीं. आणि ज्या गोष्टीला नांव नाहीं ती घरांत कोणाला सुचतहि नाहीं. आजच्या वैद्यकाचा अनुभव असा आहे कीं, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकीं सुमारें निम्म्या ठिकाणीं पुरुषाकडील कारण एकटें, किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीनें, आढळून येतें. ओटी भरण्याच्या वेळीं मात्र एकटीलाच वगळलें जातें.

आतां माझी हकीकत. माझा विवाह १९८३ सालीं झाला. घर साताऱ्यास, नोकरी कोयनेच्या खोऱ्यांतील एका शाळेवर. दिवसांतून एक एस. टी., तीहि पावसाळ्यांत येईल तेव्हां खरी. त्यामुळें महिना-पांच आठवड्यांतून एकदां घरीं जाणें होई. दोन वर्षें लोटलीं तरी घरांत पाळणा हालेना, तेव्हां आमच्या आत्याबाईंनीं सूत्रें हातीं घेतलीं. त्या बालविधवा, वयोवृद्ध, बोलण्यांत कडक आणि मनानें अत्यंत प्रेमळ. ऋतुकालाच्या सोळा रात्रींचा शास्त्रार्थ त्यांना तोंडपाठ होता. सून बाहेर बसली कीं त्या बोटांवर दिवस मोजीत, आणि मला पोस्टकार्ड येई: 'घरीं सत्यनारायण योजिला आहे, तरी अमुक तारखेस यावें.' कार्ड वडील लिहीत; त्यांतील मर्म त्यांना ठाऊक होतें कीं नाहीं हें मला आजतागायत कळलेलें नाहीं. त्या गांवचा पोस्टमन मात्र मला म्हणे, "गुरुजी, तुमचं घराणं फारच धार्मिक दिसतंय."

त्या तारखा बहुधा दहाव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंतच्या असत. मी जाई, दोन दिवस राही आणि परत येई. याच काळांत पत्नीनें सोळा सोमवार केले, दोन ठिकाणीं नवस बोलून झाले, पिशवी साफ करण्याची एक लहानशी शस्त्रक्रिया तिनें सोसली, आणि गर्भनलिका मोकळ्या आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं औषध सोडून क्ष-किरणांचें चित्रहि काढवून घेतलें. त्या दिवशीं ती रिक्षांतून उतरून भिंतीचा आधार घेत घरांत आली. माझ्या वाट्याला जी तपासणी होती तिला एक लहान बाटली आणि अर्धा तास पुरला असता. ती करून घेण्याचें मीं दोन वर्षें टाळलें. 'मला काय झालें आहे?' असें मी विचारीत असें. आणि त्या प्रश्नाचें उत्तर त्या बाटलीखेरीज अन्यत्र कोठेंच मिळण्यासारखें नव्हतें.

१९८९ सालीं एका डॉक्टरीणबाईंनीं आम्हां दोघांना समोर बसवून बजावलें कीं, यजमानांची तपासणी झाल्याखेरीज मी यांना हात लावणार नाहीं. तपासणी झाली. निकाल चांगला आला. मग बाईंनीं घरचें भिंतीवरचें कालनिर्णय मागविलें. पत्नी पाळीच्या तारखेभोंवतीं पेन्सिलीनें वाटोळें करीत असे. बाईंनीं पानें उलटून दोन वाटोळ्यांमधील अंतरें मोजलीं: चौतीस, पस्तीस, छत्तीस, पस्तीस. आणि माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी, पस्तिसांतून चौदा गेले किती?"

हे चौदा कोठून आले तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण सर्व विषयाची किल्ली तेथें आहे.

मनुस्मृतींत ऋतुकाल रजोदर्शनापासून सोळा रात्रींचा सांगितला आहे. त्यांपैकीं पहिल्या चार, आणि अकरावी व तेरावी या रात्री वर्ज्य. उरलेल्यांत सम रात्रीं पुत्र, विषम रात्रीं कन्या, असा तो हिशेब. ज्यांनीं हें लिहिलें त्यांना स्त्रीबीज पाहावयास मिळणें शक्य नव्हतें. सस्तन प्राण्याचें बीज सूक्ष्मदर्शकाखालीं प्रथम ओळखलें तें १८२७ सालीं कार्ल फॉन बेअर यांनीं. तरीहि अठ्ठावीस दिवसांची पाळी असणाऱ्या स्त्रीच्या बाबतींत सोळा रात्रींचा तो नियम अगदींच चुकत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील युरोपांतले कित्येक डॉक्टर याहून अधिक चुकले होते. जनावरांच्या माजावरून अनुमान करून, स्त्रीचें बीज पाळीच्या सुमारासच सुटत असावें असें ते मानीत, आणि मूल हवें असणाऱ्यांना पाळीच्या लगतचे दिवस सुचवीत. तेव्हां आमच्या आत्याबाईंना कोणीं हंसूं नये.

खरी उकल केली ती जपानांतील नीगाता येथील डॉ. क्यूसाकु ओगिनो यांनीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं स्त्रियांचे बीजकोश ते प्रत्यक्ष पाहत आणि त्यांच्या पाळीच्या तारखांशीं तें ताडून पाहत. १९२४ सालीं त्यांनीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्याच दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियांतील हेर्मान क्नाउस हेहि स्वतंत्रपणें जवळजवळ त्याच ठिकाणीं पोंचले. ओगिनोंची युक्ति साधी होती. सर्वजण दिवस पुढून मोजीत होते, त्यांनीं ते मागून मोजले. बीज सुटतें तें मागील पाळीनंतर अमुक दिवसांनीं नव्हे, तर पुढील पाळीच्या आधीं बारा ते सोळा दिवसांच्या दरम्यान. ओगिनोंचा हेतु मूल हवें असणाऱ्यांना साहाय्य करावें हा होता; जगानें त्यांच्या शोधाचा उपयोग उलट कामासाठींच अधिक केला, आणि तें त्यांना रुचलें नाहीं.

असें कां व्हावें? पाळीच्या पहिल्या भागांत बीजकोशांत एक बीज पिकत असतें. त्याला किती दिवस लागतील याचा नेम नाहीं. एकीला आठ, दुसरीला वीस, आणि त्याच स्त्रीला आजारपणांत किंवा दगदगींत आणखी अधिक. परंतु बीज एकदां सुटलें कीं त्याच्या रिकाम्या कोषाची एक पिवळसर ग्रंथि बनते, ती गर्भाशयाचें अस्तर टिकवून धरते, आणि गर्भ न राहिल्यास सुमारें दोन आठवड्यांनीं ती मावळून पाळी येते. हा दुसरा भाग त्या मानानें स्थिर असतो. आमच्या एस. टी.चेंच उदाहरण घ्या. ती केव्हां सुटेल हें सांगणें कठीण. पण सुटल्यावर साताऱ्याहून वाईस पोंचण्यास लागणारा वेळ बहुधा ठरलेला. गाडी वाईस केव्हां पोंचली हें ठाऊक असेल तर ती साताऱ्याहून केव्हां सुटली हें घरबसल्या सांगतां येतें.

म्हणून पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटतें. चोवीस दिवसांची असेल तर दहाव्या. आणि पस्तीस दिवसांची असेल तर एकविसाव्या. आमचा सत्यनारायण दहाव्या ते चौदाव्या दिवसांत होत असे. आत्याबाईंचें शास्त्र अठ्ठावीस दिवसांच्या स्त्रीसाठीं होतें, आणि सून पस्तीस दिवसांची होती. एवढीच चूक; पण ती दर खेपेस एका आठवड्याची होती.

आठवड्याची चूक इतकी महाग कां पडते तें पाहूं. सुटलेलें बीज फार तर चोवीस तास फलनक्षम राहतें. शुक्रजंतु मात्र अनुकूल स्थितींत स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत तग धरूं शकतात. याचा अर्थ असा कीं, शुक्रजंतूंनीं आधीं जाऊन बीजाची वाट पाहिली तर चालते, बीजाला वाट पाहावयास लावतां येत नाहीं. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना येथें ॲलन विल्कॉक्स आणि त्यांचे सहकारी यांनीं २२१ स्त्रियांच्या ६२५ पाळ्यांचा अभ्यास करून १९९५ सालीं त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९२ वेळां गर्भ राहिला होता. बीज सुटण्याचा दिवस आणि त्यापूर्वींचे पांच दिवस, अशा सहा दिवसांतील समागमानेंच तो राहिला. दुसऱ्या दिवसापासून पुढें एकदांहि नाहीं. पांच दिवस आधींच्या समागमानें गर्भ राहण्याचा संभव शेंकडा १० च्या आसपास, तर बीज सुटण्याच्या दिवशीं तो शेंकडा ३३ पर्यंत चढला. आपण चौदाव्या दिवशीं घरून निघालों तर एकोणिसाव्यानंतर आपलें कांहींच तेथें शिल्लक नसे, हें गणित मीं त्या दिवशीं दवाखान्याच्या बाकावर बसून केलें.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणतील, मग आम्ही लगेच चौदा वजा करून तारीख काढतों. थोडें थांबावें. ही वजाबाकी मागील पाळ्यांवरून पुढीलचा अंदाज करते, आणि पाळी कांहीं घड्याळ नव्हे. त्याच विल्कॉक्स यांनीं २००० सालीं दाखवून दिलें कीं, पुस्तकांत छापतात त्या दहा ते सतरा या दिवसांच्या आंत ज्यांचे सहाहि दिवस बसतात अशा स्त्रिया शंभरांत सुमारें तीसच. आजकाल मोबाईलवर पाळीचा हिशेब ठेवणारीं ॲप आहेत. त्यांतील पुष्कळशीं हीच सरासरीची वजाबाकी रंगीत करून दाखवितात. नोंदवही म्हणून तीं चांगलीं, भविष्य म्हणून नव्हेत.

शरीर स्वतः जी खूण देतें ती अधिक भरंवशाची. बीज सुटण्यापूर्वीं तीन-चार दिवस योनिमार्गांतील स्राव वाढतो, पातळ, स्वच्छ आणि निसरडा होतो. कच्च्या अंड्यांतील पांढऱ्या भागासारखी त्याची तार निघते. एरवीं तो दाट, चिकट असतो किंवा नसतोच. पातळ स्रावांतूनच शुक्रजंतु वर पोहून जाऊं शकतात, म्हणून निसर्गानें ती सोय केलेली आहे. आपल्याकडे याला सरसकट 'पांढरें जाणें' म्हणून स्त्रिया घाबरतात आणि कित्येकदां औषधें घेतात. दुर्गंधि, खाज किंवा दाह असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवावें. परंतु महिन्याच्या मधल्या दिवसांतील स्वच्छ तारेचा स्राव हें आरोग्याचें लक्षण आहे, रोगाचें नव्हे. सकाळीं अंथरुणांतून उठण्यापूर्वीं ताप मोजण्याची रीति जुनी आहे, पण बीज सुटून गेल्यावर पारा चढतो, म्हणजे एस. टी. गेल्याची ती पावती. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या लघवी तपासण्याच्या पट्ट्या बीज सुटण्याच्या सुमारें एक-दीड दिवस आधीं सूचना देतात. ज्यांचे बीजकोश गाठींनीं भरलेले आहेत, ज्या विकाराला पी. सी. ओ. एस. म्हणतात, त्यांच्या बाबतींत मात्र या पट्ट्या फसवूं शकतात.

आणि आतां जें सांगतों त्यानें वरील सर्व हिशेब अनेकांना अनावश्यक होईल. जे पतिपत्नी एकत्र राहतात त्यांनीं दिवस मोजूंच नयेत. पाळी थांबल्यापासून पुढील पाळीपर्यंत दर दोन-तीन दिवसांनीं संबंध येत असेल तर ते सहा दिवस आपोआपच गांठले जातात. तारीख पाहून केलेल्या प्रेमांत एक प्रकारची हजेरी असते, आणि ती दोघांनाहि जाचते. पुरुषाला तर विशेषच, हें मी सत्यनारायणाच्या अनुभवावरून सांगूं शकतों. मोजणी हवी ती नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्यांना, रात्रपाळी-दिवसपाळींत ज्यांची गांठच पडत नाहीं अशांना, आणि ज्यांची पाळी लांब आहे अशांना.

येथें एका जुन्या समजुतीचा निरास करणें अवश्य आहे. वीर्य सांचवून ठेवल्यानें तें बलवान होतें, म्हणून महिनाभर संयम करून नेमक्या एका दिवशीं एकत्र यावें, असें कांहीं वडीलधारे सांगतात. शुक्रजंतु हे तिजोरींतील नाणीं नव्हेत. ते रोज तयार होतात आणि रोज म्हातारे होतात. पांच-सहा दिवसांपेक्षां अधिक सांचविण्यानें लाभ नाहीं. फार दिवस सांचविल्यास त्यांची गति मंदावते. रोजच्या संबंधानेंहि निरोगी पुरुषाचें कांहीं बिघडत नाहीं. संबंधानंतर उशीवर पाय ठेवून तासभर पडून राहण्यानें संभव वाढतो असाहि पुरावा नाहीं. कांहीं मिनिटांतच शुक्रजंतु वरच्या मार्गास लागलेले असतात. सम-विषम रात्रींचेंहि तसेंच. मुलगा कीं मुलगी हें पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरतें, आणि तें ठरविणें कोणाच्या हातीं नाहीं. हातीं घेऊं पाहणाऱ्यांना १९९४ च्या कायद्यानें शिक्षा सांगितली आहे, हें घरोघरच्या आत्याबाईंनीं ध्यानांत ठेवावें.

धीर किती धरावा? येथेंहि अंकगणित उपयोगीं पडतें. समजा, निरोगी जोडप्याला दर महिन्यास पांचांत एक संभव आहे. पहिल्या महिन्यांत शंभरांतील ऐंशी जोडपीं रिकाम्या हातीं राहतील. सहा महिन्यांनीं सव्वीस उरतील, बारा महिन्यांनीं सुमारें सात. प्रत्यक्षांत सर्व जोडपीं सारखीं नसल्यामुळें वर्षाअखेर उरणाऱ्यांची संख्या याहून अधिक असते. तरी स्त्रीचें वय चाळिशीच्या आंत असेल तर शंभरांतील ऐंशींहून अधिक जोडप्यांना पहिल्या वर्षांत गर्भ राहतो, आणि राहिलेल्यांपैकीं निम्म्यांना दुसऱ्या वर्षांत. तेव्हां लग्नानंतर चौथ्या महिन्यांत सुनेकडे संशयानें पाहणाऱ्या घराचें गणित कच्चें आहे असें समजावें.

वयाचा प्रश्न निराळा, आणि शहरांतील सुशिक्षित घरांत तो आज अधिक निकडीचा. मुलगी जन्मास येते तेव्हांच तिचीं सर्व बीजें घेऊन येते. पुढें त्यांत भर पडत नाहीं. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि गुण हीं दोन्हीं झपाट्यानें उतरूं लागतात. शिक्षण, नोकरी, घराचे हप्ते यांच्या रांगेंत मूल शेवटीं उभें राहतें, हें मी दोषानें म्हणत नाहीं. माझ्या मुलीनेंहि तेंच केलें. पण रांगेंत उभें राहतांना ही गोष्ट ठाऊक असावी.

आतां पुरुषांविषयीं. त्यांच्यावर अधिक वेळ घालवितों, कारण आजवर तो कोणीं घातलेला नाहीं. शुक्रजंतु तयार होऊन बाहेर पडण्यास सुमारें अडीच-तीन महिने लागतात. यांत वाईट बातमी अशी कीं, दोन महिन्यांपूर्वींच्या तापाचा परिणाम आज दिसूं शकतो. चांगली अशी कीं, आज तंबाखू सोडली तर तीन महिन्यांनीं नवें पीक येतें. तंबाखू ओढलेली असो कीं चघळलेली, विडी असो, गुटखा असो, ती शुक्रजंतूंची संख्या व गति दोन्हीं घटविते. बायका दांतांना मशेरी लावतात तीहि तंबाखूच, आणि ओढली जाणारी तंबाखू स्त्रीच्या बीजांचा सांठा लवकर संपविते. दारूचा अतिरेक तसाच. वृषण शरीराबाहेर लोंबते ठेवण्यांत निसर्गाचा हेतु त्यांना शरीरापेक्षां दोन-चार अंश थंड ठेवण्याचा आहे; भट्टीपुढें काम करणारे, तासन् तास गाडी हांकणारे, मांडीवर तापलेला लॅपटॉप घेऊन बसणारे यांनीं हें लक्षांत घ्यावें. आणि एक नवी व्याधि: व्यायामशाळेंत दंड फुगविण्यासाठीं टोंचून घेतलीं जाणारीं पुरुषी हॉर्मोनें. बाहेरून हॉर्मोन मिळूं लागलें कीं शरीर आपला कारखाना बंद करतें, आणि पिळदार तरुणाच्या वीर्यांत शुक्रजंतु औषधालाहि सांपडत नाहींत. बहुतेकांच्या बाबतींत तें सोडल्यावर कारखाना पुन्हां सुरू होतो, पण त्यास कित्येक महिने लागतात.

स्त्रियांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याविषयीं थोडक्यांत. वजन फार अधिक किंवा फार कमी असलें तर बीज सुटणें अनियमित होतें. पी. सी. ओ. एस. असलेल्या स्थूल स्त्रीचें वजन शेंकडा पांचांनीं जरी उतरलें तरी कित्येकदां पाळी मार्गावर येते; म्हणजे सत्तर किलोंतून साडेतीन, त्यासाठीं उपाशी राहण्याचें कारण नाहीं. कंठग्रंथीचा विकार आणि मधुमेह रक्ताच्या तपासणींत कळतात. आपल्या देशांत आणखी एका रोगाकडे लक्ष हवें: क्षय. तो फुप्फुसाप्रमाणें गर्भनलिकांतहि बसतो, खोकला नाहीं, ताप नाहीं, आणि मुकाट्यानें त्या बंद करून टाकतो. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवें असें ठरल्या दिवसापासून रोज घ्यावी. तिनें गर्भ राहण्याचा संभव वाढतो म्हणून नव्हे, तर गर्भाचा पाठीचा कणा व मेंदु पहिल्या चार आठवड्यांतच घडतात म्हणून. पाळी चुकल्याचें कळेपर्यंत ते दिवस निघून गेलेले असतात.

आमचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. मीं आत्याबाईंना जाऊन सांगितलें कीं, सत्यनारायण एक आठवडा पुढें ढकलावा. त्यांनीं कारण विचारलें. मीं वाईच्या एस. टी.चें उदाहरण दिलें. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे पोरीचं काहीच चुकत नव्हतं." त्यानंतरच्या चौथ्या पाळीस गर्भ राहिला आणि १९९० च्या श्रावणांत मुलगी झाली. केवळ तारीख बदलल्यामुळें ती झाली असें मी छातीठोकपणें म्हणणार नाहीं. एका घरच्या उदाहरणानें कांहीं सिद्ध होत नसतें. पण आठवडा पुढें गेला नसता तर ती झाली नसती असें मला वाटतें.

डॉक्टरांकडे केव्हां जावें? एक वर्ष होऊनहि गर्भ न राहिल्यास. स्त्रीचें वय पस्तिसाहून अधिक असल्यास सहा महिन्यांनींच. आणि पाळी फार अनियमित असेल, पूर्वीं क्षय किंवा ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, अथवा पुरुषाला मोठेपणीं गालगुंड होऊन वृषण सुजले असतील, तर वाट न पाहतां. जातांना दोघांनीं मिळून जावें. निदान सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्याव्या. पुरुषाची तपासणी आरंभींच व्हावी. तिला भूल लागत नाहीं, सुई लागत नाहीं. त्यापूर्वीं दोन दिवसांहून कमी नाहीं आणि सातांहून अधिक नाहीं इतकाच संयम ठेवावा. एका मिलिलिटरमध्यें १ कोटि ६० लक्ष शुक्रजंतु ही जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं सांगितलेली खालची मर्यादा आहे. परंतु ती पास-नापासची रेषा नव्हे, तिच्याखालचे पुरुषहि बाप होतात. पहिला निकाल उणा आला तर घाबरून न जातां कांहीं आठवड्यांनीं तपासणी पुन्हां करवावी, कारण हा आंकडा एकाच पुरुषांतहि पुष्कळ वरखालीं होतो. बाटली घरून न्यावयाची असेल तर ती खिशांत, अंगाच्या उबेजवळ ठेवावी आणि तासाच्या आंत प्रयोगशाळेंत पोंचवावी.